बंदुकीचा नंबर आधी आपण वाचावा

परवान्याची बंदूक असलेली घरं वऱ्हाडात जागोजागी सापडतात. मेळघाटाच्या पायथ्याशी अकोट, तेल्हारा, अचलपूर, चांदूर बाजार या पट्ट्यात रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला भरमार किंवा एकनळी घेतलेली असते. अमरावती-अकोल्याच्या बँकांच्या दारात उभ्या असणाऱ्या माजी सैनिकांकडे स्वतःच्या परवान्याची बारा बोअर असते. जुन्या देशमुख-पाटलांच्या वाड्यांत आजोबांनी घेतलेली विलायती दुनळी कपाटात असते. या सगळ्यांच्या परवान्यावर एक नंबर लिहिलेला असतो आणि बंदुकीच्या लोखंडावर एक नंबर ठोकलेला असतो. दोन्ही नंबर एकच आहेत, याची खात्री स्वतः डोळ्यांनी किती जणांनी केली आहे?

गाडी विकत घेताना आपण चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र हे काम ठाण्यातल्या कर्मचाऱ्यावर सोडलं जातं. निवडणुकीआधी शस्त्र जमा करायची वेळ येते, परवान्याचं नूतनीकरण येतं किंवा वडील गेल्यावर वारसाचा अर्ज करावा लागतो, तेव्हा समोरचा माणूस बंदूक उलटीपालटी करून विचारतो, "नंबर कुठे आहे हो यावर?" त्या घडीला शोधाशोध करण्यापेक्षा नंबर कुठे असतो, कसा वाचायचा आणि कागदाशी जुळला नाही तर काय करायचं, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

नंबराला एवढं महत्त्व का?

शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचं कलम ८ पूर्णपणे या खुणांबद्दल आहे. बंदुकीवरचं बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण कोणीही खोडायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही, बनावट घालायची नाही. अशी खूण नसलेली बंदूक विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही.

परवानाधारकाने खरं लक्ष द्यायला हवं ते याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाकडे. ज्याच्या ताब्यात नंबर नसलेली किंवा नंबर खोडलेली बंदूक सापडेल, त्यानेच तो खोडला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसाची. म्हणजे गंजाने नंबर खाल्ला असेल, कुणी हौसेने बंदूक चकाचक करून देताना तो घासला गेला असेल, किंवा तीस वर्षांपूर्वीच्या मालकाने काही केलं असेल, तरी पहिला प्रश्न आजच्या मालकालाच विचारला जाणार. हा भंग दंडनीय आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे.

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री

नंबर पाहायचा म्हणजे बंदूक हातात घेऊन फिरवावी लागते, नळीच्या तोंडाजवळ आणि चापाजवळ डोळे न्यावे लागतात. म्हणून पहिलं काम नंबर शोधण्याचं नाही. घरातली मुलंबाळं, पाहुणे बाहेर पाठवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे, माणसांच्या विरुद्ध दिशेला ठेवा. बोट चापावर नको. एकनळी-दुनळी मोडून उघडा आणि दोन्ही घरं आरपार पाहा. रायफलचा बोल्ट मागे ओढा, मॅगझिन काढा, घरात नजर टाका आणि करंगळी घालून चाचपा. पिस्तुलाचं मॅगझिन आधी काढायचं, मग स्लाइड मागे घ्यायची. हा क्रम उलटा केला की एक गोळी आत राहू शकते.

भरमारीचं प्रकरण वेगळं आहे. तिच्यात दारू आणि छर्रे तोंडाकडून ठासलेले असतात, त्यामुळे ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. मागच्या हंगामात जागलीला नेलेली भरमार भरलेलीच खुंटीला टांगून राहिली, असं होऊ शकतं. गज नळीत हलकेच सोडून तो किती आत जातो, हे बाहेरून नळीच्या लांबीशी ताडून पाहता येतं. गज तळापर्यंत गेला नाही किंवा थोडीही शंका आली तर स्वतः काही उकरू नका. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा ठाण्यात विचारा.

आणखी एक गोष्ट. परवाना ज्याच्या नावावर आहे, त्यानेच हे करावं. मुलगा, पुतण्या, सालदार यांच्या हाती बंदूक देऊन "जरा नंबर वाच" म्हणणं टाळा.

दुनळी आणि एकनळी

वऱ्हाडात सगळ्यात जास्त दिसते ती बारा बोअर. मोडून उघडणाऱ्या बंदुकीवर नंबर एकाच ठिकाणी नसतो. चांगल्या कारखान्याच्या बंदुकीवर तो तीन ठिकाणी सापडतो, कारण ती तीन भागांत सुटते.

पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड, आधी काढा. मग वरची किल्ली दाबून नळ्या खाली झुकवा आणि अलगद उचलून बाजूला एका सुती कापडावर ठेवा. आता समोर तीन वस्तू आहेत: नळ्या, फोरएंड आणि दस्त्यासकट ॲक्शन.

ॲक्शनवर नंबर बहुधा चापाभोवतीच्या कडीवर, म्हणजे ट्रिगर गार्डवर, किंवा कडीच्या मागे दस्त्यात शिरणाऱ्या पट्टीवर असतो. कडी सतत हाताळली जाते, त्यामुळे तिथले आकडे झिजलेले असतात. ते नीट दिसत नसतील तर ॲक्शनचा वरचा सपाट भाग पाहा. बंदूक बंद असताना नळ्यांचं बूड याच भागावर टेकतं, म्हणून तो झाकलेला राहतो आणि तिथले आकडे पन्नास वर्षांनीही स्वच्छ असतात.

नळ्या उलट्या करा. मागच्या टोकाला खालच्या बाजूचा भाग सपाट असतो. इथे अक्षरांची, चिन्हांची दाटी दिसेल. त्यात बंदुकीचा नंबर असतो, आणि तो ॲक्शनवरच्या नंबराशी जुळायला हवा. फोरएंडच्या लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूलाही तोच नंबर किंवा त्याचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. तिन्ही जुळले म्हणजे बंदूक जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे. नळ्यांवर वेगळा नंबर असेल तर त्या कधीतरी बदललेल्या आहेत. तशा बदलाची नोंद परवान्यावर आहे का, हे पाहिलं पाहिजे.

भारतीय बनावटीच्या बारा बोअर बंदुका बिहारमधल्या मुंगेरच्या आणि जम्मूच्या परवानाधारक कारखानदारांकडून मोठ्या संख्येने येत आल्या आहेत. त्यांच्यावर कारखान्याचं नाव, गाव आणि नंबर ॲक्शनच्या बाजूला किंवा खाली आणि नळीवर आढळतो. एकनळीतही नळी आणि ॲक्शन ही दोन ठिकाणं पाहावीत.

रायफल

३१५ बोअरची सरकारी बनावटीची स्पोर्टिंग रायफल अनेकांकडे आहे. ही रायफल पूर्वी आयुध निर्माणी मंडळाच्या कारखान्यांत बनायची. १ ऑक्टोबर २०२१ ला ते मंडळ बरखास्त होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या आणि शस्त्रांचं काम 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या कंपनीकडे गेलं. त्यामुळे जुन्या रायफलीवर आणि नव्या रायफलीवर बनवणाऱ्याची खूण वेगळी दिसली तर गोंधळू नका.

बोल्ट ओढून चालणाऱ्या रायफलीत मुख्य नंबर बॉडीवर असतो, म्हणजे जिथे नळी बसवलेली असते आणि बोल्ट सरकतो त्या लोखंडी भागाच्या बाजूला. ली-एनफिल्ड घराण्याच्या रायफलींत बोल्टच्या दांडीच्या मुळाशीही तोच नंबर ठोकलेला असतो. बोल्ट आणि बॉडीचे नंबर वेगळे असतील तर कागदाच्या आधी जिवाचा विचार करा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असू शकतो, आणि तो नीट बंद होत नसेल तर बार उडवणाऱ्याच्या तोंडावर स्फोट होऊ शकतो. जाणकार शस्त्रविक्रेत्याने तपासेपर्यंत अशी रायफल वापरू नये.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल

रिव्हॉल्व्हरवर नंबर फ्रेमवर असतो, पण फ्रेमवर नेमका कुठे, हे कंपनीगणिक बदलतं. फ्रेमच्या बाजूला, मुठीच्या खालच्या तळाला, किंवा चक्र बाहेर काढल्यावर दिसणाऱ्या खाचेत तो असू शकतो. जुन्या स्मिथ अँड वेसनवर तो मुठीच्या तळाला असतो. कुणी नंतर मोठी मूठ बसवली असेल तर तो पूर्ण झाकला जातो आणि 'यावर नंबरच नाही' असा गैरसमज होतो. याच कंपनीच्या पुढच्या काळातल्या रिव्हॉल्व्हरवर चक्राजवळच्या खाचेत मॉडेलचा आकडाही असतो. तो बंदुकीचा नंबर म्हणून लिहून घेऊ नका.

पिस्तुलावर फ्रेम, स्लाइड आणि नळी ही तीन ठिकाणं पाहायची. काही कंपन्या तिन्हींवर नंबर टाकतात, काही एक-दोन ठिकाणी. परवान्याच्या दृष्टीने फ्रेमवरचा नंबर मुख्य धरला जातो. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रांचा माग काढण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय दस्तऐवज स्वीकारला, त्यातही खूण फ्रेम किंवा बॉडीसारख्या मूळ भागावर असावी, कारण तो भाग बाद झाला की शस्त्रच निकामी होतं, असंच सांगितलं आहे. नळी किंवा चक्र यांवरच्या खुणा त्याच्या जोडीला असाव्यात.

भरमार

ठासणीच्या बंदुका पुष्कळदा हाताने घडवलेल्या असतात. त्यांवर कारखान्याचा नंबर सापडेलच असं नाही. सापडला तर तो नळीच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूला, चापाच्या पट्टीवर किंवा लॉकच्या पत्र्यावर असतो. नळी दस्त्यातून सोडवल्यावर खालच्या बाजूलाही खुणा दिसतात, पण ते काम स्वतः करू नका. लाकडी दस्त्यावर कोरलेला नंबर मिळाला तर तोही टिपा. मात्र दस्ता बदलता येतो, म्हणून लोखंडावरची खूण खरी. काहीच सापडलं नाही तर लोहाराकडून किंवा स्वतः पंच मारून परवान्यावरचा आकडा ठोकून घेण्याचा विचारही मनात आणू नका. ती बनावट खूण ठरते. परवाना अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा आणि पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

हे आकडे नंबर नाहीत

लोखंडावर जेवढे आकडे दिसतात, ते सगळे नंबर नसतात. नळीच्या बुडाशी चौकोनात किंवा हिऱ्याच्या आकारात असलेला १२ म्हणजे बोअर. ६५ किंवा ७० म्हणजे काडतुसाच्या घराची लांबी मिलिमीटरमध्ये. जुन्या इंग्रजी बंदुकीवर हीच लांबी अडीच इंच अशी दिलेली असते. मुकुट, तलवारी, अक्षरांच्या जोड्या म्हणजे चाचणीघराचे शिक्के. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीघरांच्या खुणा इंग्रजी बंदुकांवर दिसतात, तर बेल्जियमच्या लिएज गावच्या बंदुकांवर अंडाकृती चौकटीत 'ईएलजी' ही अक्षरं असतात. 'पेटंट' शब्दाच्या पुढचा आकडा पेटंटचा. एक-दोन आकडी सुटे अंक कारखान्यात भाग जुळवताना ठोकलेले असतात. चार आकडी १९ ने सुरू होणारी संख्या बनावटीचं वर्षही असू शकते.

या खुणा वाचण्याचा आणखी एक फायदा आहे. घराची लांबी ६५ असलेल्या जुन्या दुनळीत आजची ७० ची काडतुसं घालणं धोक्याचं आहे. नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर त्या जुन्या दमास्कस नळ्या आहेत. त्या काळ्या दारूसाठी होत्या, आजच्या धूररहित काडतुसांसाठी नाहीत.

काही जुन्या आयात बंदुकांवर मुळातच नंबर नसतो. अमेरिकेत सगळ्या बंदुकांवर नंबर टाकणं १९६८ च्या कायद्याने सक्तीचं झालं. त्याआधीच्या तिथल्या स्वस्त शॉटगन आणि २२ बोअरच्या रायफली नंबराविना निघाल्या आहेत. अशी बंदूक असेल तर तिच्या खरेदीचा आणि पहिल्या नोंदीचा प्रत्येक कागद जपा. नंबर कुणी खोडला नाही, तो नव्हताच, हे त्यावरूनच सांगता येईल.

पुसट नंबर कसा वाचायचा

काचकागद, तारेचा ब्रश, ग्राइंडर, गंज काढायचं आम्ल, चिंच-मीठ यांतलं काहीही लावायचं नाही. नंबर जितका घासाल तितका उथळ होईल आणि त्या जागेवरची ताजी घासण उद्या तुमच्याच विरुद्ध दिसेल. बंदुकीच्या तेलाचे दोन-चार थेंब टाका, थोडा वेळ मुरू द्या, मऊ कापडाने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशने हलकेच पुसा. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च आडवी धरा. वरून उजेड पाडला तर काही दिसत नाही. बाजूने पाडला की प्रत्येक आकड्याच्या कडेला सावली पडते आणि तो उठून दिसतो. खाचेत पांढरा खडू चोळून वरचा पुसून टाकला तरी आकडा वाचता येतो. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासली की छाप उमटतो. तो कागद तारीख घालून फायलीत ठेवा.

एवढं करूनही वाचता आला नाही तर थांबा. ठोकलेल्या आकड्याखालचं लोखंड आतपर्यंत दबलेलं असतं, त्यामुळे वरून दिसेनासा झालेला नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बऱ्याचदा पुन्हा वाचता येतो. पण ते काम तिथल्या तज्ज्ञांचं आहे, घरचं नव्हे. नळ्या नव्याने काळ्या करून घ्यायच्या असतील तर त्या परवानाधारक कारागिराकडेच द्या. देण्याआधी नंबरांचे फोटो काढा आणि पावतीवर नंबर लिहून घ्या.

आकड्यांची फसवाफसवी

नंबर अक्षर-अंक मिळून असतो. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच, बी आणि आठ यांत गफलत होते. तीनाची कड झिजली की त्याचा आठ वाटतो, आठाची झिजली की तीन.

आपल्याकडे याहून वेगळा एक घोटाळा होतो. जुने परवाने आणि नोंदवह्या मराठी अंकांत लिहिल्या जात. मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नवासारखा. मूळ नोंद कुणी मराठीत केली, पुढच्या नूतनीकरणाला दुसऱ्याने ती इंग्रजी समजून उतरवली, आणि संगणकावर चढवताना तिसऱ्याने तीच कायम केली. नंबर चुकलेला दिसला तर आधी हा संशय धरा. लोखंडावर चार आणि कागदावर आठ, लोखंडावर एक आणि कागदावर नऊ असेल तर चूक लेखणीची असण्याची शक्यता मोठी.

त्याचबरोबर परवान्यावरचा यूआयएन आणि बंदुकीचा नंबर यांत घोळ करू नका. यूआयएन हा राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशातला परवान्याचा क्रमांक आहे. तो बंदुकीवर कुठेही सापडणार नाही.

कागद कुठे शोधायचे

वऱ्हाडच्या कागदपत्रांना इतिहासाची वळणं आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला भाग आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि मग नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता. म्हणून आजोबांच्या परवान्यावर मध्यप्रदेश सरकारचं नाव दिसलं तर तो कागद परक्या राज्याचा समजून फेकू नका. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला. कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा आणि वाशिम या तालुक्यांतल्या जुन्या परवान्यांचा माग अकोल्यात लावावा लागतो.

अमरावतीत परवाना अधिकारी दोन आहेत. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, उरलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी. शहराची हद्द वाढत गेली तसतसा एखाद्याचा जुना परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा आणि सध्याचं घर आयुक्तालयाच्या हद्दीत, असं होतं. अर्ज करण्याआधी आपलं ठाणं कोणाच्या अखत्यारीत येतं, हे विचारून घ्या. अकोल्यात आयुक्तालय नाही, तिथे पूर्ण जिल्ह्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय.

नंबर जुळला नाही तर

स्वतः परवान्यावर खाडाखोड करू नका. लोखंडाला हात लावू नका. घाबरून बंदूक लपवू किंवा कुणाला देऊ नका. खरेदीचं बिल, आधीचे परवाने, नूतनीकरणाच्या नोंदी, जुन्या निवडणुकांत शस्त्र जमा केल्याच्या पावत्या एकत्र करा. त्यांत खरा नंबर कुठून कसा बदलत गेला, हे बहुधा दिसून येतं. मग परवाना अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या: बंदुकीवर हा नंबर आहे, परवान्यावर हा आहे, पडताळणी करून दुरुस्ती व्हावी. सोबत नंबरांचे फोटो आणि कागदांच्या प्रती जोडा. अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या. ठाणेदारांच्या नावेही एक प्रत द्या. बंदूक दाखवायला ते सांगतील तेव्हा, सांगतील तिथे, मूळ परवान्यासह न्या. दुरुस्ती झाल्यावर ती कागदावर आणि संगणकातल्या नोंदीत अशी दोन्हीकडे झाली आहे, हे पाहूनच परत या.

चूक स्वतः होऊन कळवणारा अर्जदार आणि तपासणीत चूक सापडलेला परवानाधारक यांच्याकडे पाहण्याची नजर सारखी नसते.

जमा करताना, परत घेताना

निवडणूक जाहीर झाली की छाननी समिती आढावा घेते आणि शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. जमा करताना पावतीवर फक्त 'बारा बोअर बंदूक एक नग' असं लिहिलेलं स्वीकारू नका. बनावट, प्रकार, बोअर आणि नंबर लिहून घ्या. मालखान्यात एकसारख्या दिसणाऱ्या बंदुका शेजारी शेजारी उभ्या असतात. परत घेताना तिथेच, ठाण्याच्या आवारात, पावती समोर धरून ॲक्शनचा आणि नळीचा नंबर वाचा. घरी आल्यावर अदलाबदल कळली तर मधल्या वेळात ती बंदूक तुमच्या ताब्यात होती, हे विसरू नका.

चोरी झाली किंवा बंदूक हरवली तर लगेच जवळच्या ठाण्यात कळवा. त्या क्षणी बंदूक समोर नसते. नंबर तुमच्याकडे लिहिलेला असेल तरच तक्रारीत येईल.

वडिलांची बंदूक, वाड्यातली बंदूक

परवानाधारक गेल्यावर घरच्यांच्या हाती बंदूक राहते, पण परवाना कुणाच्या नावावर नसतो. अशी बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. तिथून पुढे वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हयातीतही एक वाट दिली आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे राहिली, की तो वारस सुचवू शकतो. वडील धडधाकट असताना, नंबर त्यांच्याच हाताने दाखवून घेऊन हे काम उरकलं तर पुढची निम्मी अडचण मिटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेल्या धरूनही. परवान्याची मुदतही याच दुरुस्तीने तीनाची पाच वर्षं झाली.

जुनी गढी किंवा वाडा पाडताना भिंतीत, माळवदावर एखादी गंजलेली बंदूक निघाली तर तिचा नंबर शोधायला बसू नका. ती भरलेली असू शकते. वापरता न येणाऱ्या पुरातन शस्त्रांना कायद्यात सूट आहे, पण एखादं शस्त्र त्यात बसतं की नाही, हे घरमालकाने ठरवायचं नसतं. जिथे आहे तिथेच राहू द्या आणि ठाण्याला लेखी कळवा.

शेतकऱ्यांसाठी थोडं वेगळं

पीक संरक्षणासाठी कायद्याने भरमारीचा परवाना धरला आहे; तेवढ्याने भागत नसेल तर परवाना अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देऊ शकतो. पण हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. रोही किंवा रानडुक्कर मारायला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन विभागाची परवानगी वेगळी लागते. ती नसताना वावरात बार काढून जनावर पडलं, तर परवान्यावरचा नंबर बरोबर असूनही तुम्ही आरोपी ठरता.

एक पान लिहून ठेवा

या सगळ्याचं सार एका कागदावर मावतं. बनवणाऱ्याचं नाव, देश, प्रकार, बोअर, नळीची लांबी. मग ॲक्शन किंवा फ्रेमवरचा नंबर, नळीवरचा, फोरएंड किंवा बोल्टवरचा, प्रत्येक कुठे आहे त्या जागेसह. खाली परवाना क्रमांक, यूआयएन आणि मुदत संपण्याची तारीख. सोबत आडव्या उजेडात काढलेले स्पष्ट फोटो. हे पान बंदुकीच्या कपाटात ठेवू नका, नाहीतर चोर दोन्ही घेऊन जाईल. त्याची एक प्रत घरातल्या जबाबदार माणसाला माहीत असावी. व्हॉट्सॲप-फेसबुकवर मात्र हे फोटो कुठेही जाऊ देऊ नका.

पुढचं नूतनीकरण किंवा पुढची निवडणूक येईपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी काडतुसं बाजूला ठेवा, बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, परवाना समोर ठेवा आणि आकडा-आकडा ताडून पाहा. जुळला तर पान लिहून फायलीत लावा. एकही आकडा वेगळा दिसला तर सोमवारी अर्ज घेऊन कार्यालयात जा.